मयताचा बर्फ

नागपूरच्या माणसाला मे महिन्यात देव आठवतो तो उन्हातून घरी सुखरूप पोचल्यावर. त्याआधी दिवसभर त्याच्या तोंडात एकच शब्द असतो, थंडा. पाहुणा दारात आला की 'थंडा घेता का?' गिऱ्हाईक फिरकलं नाही की धंदा थंडा. जावई आळशी निघाला तर तो थंडा, आणि सून उलटून बोलत नसली तर तीही थंडीच. भांडण सोडवणारा म्हणतो थंड घे. चूल विझली की थंडी झाली, वैऱ्याचं वाटोळं झालं की कलेजा थंडा झाला, आणि माणूस गेला की तोही थंडा झाला. खरी थंडी या शहराला वर्षातून दोन महिने भेटते, तीही हातचं राखून. शब्द मात्र बारा महिने राबतो.

सक्करदऱ्याच्या चौकात या शब्दावर पोट भरणारा एक माणूस होता. रुपराव भोयर, बर्फवाला. कडुनिंबाखाली त्याचा टिनाचा ठेला, ठेल्याच्या पोटात लाकडाची मोठी पेटी, पेटीत भुसा आणि भुशात बर्फाच्या लाद्या. पहाटे कारखान्यातून हातगाडीवर लाद्या आणायच्या, भुशात पुरायच्या आणि दिवसभर टोच्यानं फोडून विकायच्या. डोक्याला ओला पंचा, अंगात बंडी, हात कायम गार आणि डोकं कायम गरम. चौकातले लोक म्हणायचे, याच्या हातातली थंडी डोक्यापर्यंत चढतच नाही. तोही हसायचा. बोलण्यात त्याला कोणी हरवलेलं नव्हतं.

बर्फाचा ठेला त्याला सासऱ्याकडून मिळाला होता, आणि ठेल्याबरोबर एक रीतही मिळाली होती. नागपूरच्या उन्हाळ्यात माणूस सकाळी गेला तर दुपारच्या आत त्याला न्यावं लागतं, नाहीतर घरात थांबवत नाही. पण पोरगा परगावी असला, लेक सासरी असली, तर त्यांना तोंड पाहता यावं म्हणून मयत बर्फावर ठेवतात. असा निरोप आला की रुपराव हातातलं गिऱ्हाईक सोडायचा. लाद्या हातगाडीवर घालून स्वतः घेऊन जायचा, दाराबाहेर चपला काढायचा, लाद्या नीट जुळवून वर गोणपाट टाकायचा आणि घरच्यांना सांगायचा, पाणी इकडून काढा, उशाकडून नको. त्या बर्फाचं तो काही घेत नसे. चहासुद्धा नाही. आणि उरलेला बर्फ परत आणत नसे. तो झाडाखाली फोडून टाकायचा, पाणी होऊन मातीत जायचं. वस्ती कोणती, जात कोणती, असं विचारायचं नाही, असा सासऱ्याचा दंडक होता.

रुपरावला या रीतीचा अभिमान होता, आणि अभिमान पोटात ठेवायची त्याला सवय नव्हती. ठेल्यावर कोणी नवखा आला की तो ऐकवायचाच, "मयताचा बर्फ दुकानदाराचा नसते गा. तो आधीपासून त्याचाच राह्यते. आपल्या भुशात ठेवला राह्यते, एवढंच." हे वाक्य त्यानं इतक्या वेळा म्हटलं होतं की चौकातली माणसं ते अर्ध्यातून पुरं करायची. चांगलं वाक्य होतं. पण माणसानं आपल्या चांगुलपणाचं वाक्य फार वेळा म्हणू नये. एक दिवस ते खरं करून दाखवायची पाळी येते.

त्याच्या पेटीतला भुसा आणायची भीमाबाई. चौकामागच्या वस्तीत राहणारी विधवा म्हातारी. छप्पन साली दीक्षाभूमीवर तिच्या घरच्यांनी दीक्षा घेतली तेव्हा तीही होती. लाकडाच्या आरा मशीनवरून टोपलं भरून भुसा उचलायची आणि डोक्यावरून ठेल्यापर्यंत आणायची. टोपलं उतरवलं की कडुनिंबाच्या बुंध्याशी टेकायची. रुपराव तिला पाणी द्यायचा आणि वर बर्फाचा एक खडा. तिचा गिलास वेगळा होता. झाडाच्या ढोलीत ठेवलेला, टिनाचा. सासऱ्याच्या वेळेपासून तसंच चालत आलं होतं. मेलेल्याची जात न विचारणाऱ्या रुपरावला जिवंत माणसाचा हा गिलास कधी खटकला नव्हता, आणि भीमाबाईनं कधी बोलून दाखवलं नव्हतं. ती बर्फाचा खडा तोंडात धरायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "बळीरामच्या फॅक्टरीत असा बर्फ भेटत असन का जी?"

बळीराम तिचा एकुलता एक मुलगा. जबलपूरला लष्करी सामानाच्या कारखान्यात लागला होता. वर्षातून एकदा यायचा, कधी तेवढंही नाही. म्हातारी त्याच्याकडे राहायला जात नव्हती. म्हणायची, तिकडं माह्या ओळखीचं कोनी नाई. मयताच्या बर्फाचं रुपरावचं वाक्य तिला फार आवडायचं. आपल्या भुशामुळे मयताला थंडावा मिळतो, म्हणजे त्या पुण्यात आपलाही वाटा, असा तिचा हिशोब होता, आणि तो चुकीचा नव्हता.

चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात रुपरावनं मुलीचं लग्न काढलं. गोपिका एकुलती, आणि मुलगा कामठीचा, मागावर विणकाम करणाऱ्या घरातला. मुलाचे वडील चंपतराव भला माणूस, पण जिभेला काटा. साखरपुड्याला सगळं ठरल्यावर ते चारचौघांत म्हणाले, "बाकी आमचं काही मागनं नाई. फक्त बरातीले पानी थंडं पाह्यजे. बर्फवाल्याची पोरगी करून राह्यलो. पानी गरम भेटलं तं लोक आमच्यावर नाई, तुमच्यावर हासतीन, इवाईबुवा." सगळे हसले. रुपरावही हसला. पण ते वाक्य त्याच्या अंगात रुतून बसलं. जो माणूस उभ्या सक्करदऱ्याला थंड करतो त्याच्या मांडवात कोमट पाणी? त्यापेक्षा मांडवच पेटलेला बरा, असं तो बायकोला म्हणाला. बायको, सुभद्रा, म्हणाली की पाण्यानं कोणी नांदत नाही. ती नेहमी असं सरळ बोलायची आणि तो नेहमी ऐकत नसे.

लग्न मेच्या मध्यावर आलं आणि देशात रेल्वेचा संप सुरू झाला. गाड्या बंद, कोळसा येईना, वीज जाऊ लागली ती तासन् तास. बर्फाच्या कारखान्यात एक दिवस लाद्या निघत, दोन दिवस पाणी तसंच डब्यात पडून राही. ठेल्यापुढे बर्फासाठी माणसं भांडू लागली. रुपरावनं धोरण ठेवलं. लग्नाच्या दोन दिवस आधी कारखान्यात बर्फ निघाला तेव्हा स्वतःच्या वाट्याच्या लाद्यांपैकी चार लाद्या त्यानं ठेल्यावर आणल्याच नाहीत. त्या घरी नेल्या, मागच्या खोलीत जमिनीवर भुशाचा जाड थर केला, लाद्या ठेवल्या, वर भुसा, वर गोणपाट, वर जुन्या गोधड्या. खिडकी बंद, दार बंद. कोणाला सांगितलं नाही. तो भुसा भीमाबाईनंच आणला होता. मुलीच्या लग्नासाठी म्हणून चाळून, त्यातली बारीक धूळ काढून. हे त्याला तेव्हा सुचलंही नाही. पुढे मात्र त्याला दुसरं काही सुचत नसे.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी तो दारापुढे मांडवाचे बांबू बांधून घेत होता, तेव्हा वस्तीतला लहानू सायकलवरून आला. लहानू भीमाबाईचा पुतण्या, रिक्षा चालवणारा. सायकल झाडाला टेकवून तो उभा राहिला. "काकी थंडी झाली पहाटे," तो म्हणाला. "निजल्या ठिकाणीच. बळीरामले तार केली. रेलगाडी नाई, पन तो टरकानं निंगनच. उद्या दुपारपर्यंत पोचन. बर्फ पाह्यजे होता, भाऊ."

रुपरावच्या डोक्यात त्या क्षणी काय काय आलं ते त्यानं पुढे कितीदा तरी उगाळून पाहिलं. पहिल्यांदा भीमाबाईच आली, हे खरं. टोपलं उतरवून बुंध्याशी टेकणारी. तिच्या मागोमाग लाद्या आल्या. उद्या दुपारपर्यंत ठेवायचं म्हणजे एका लादीनं काय होणार? दोन आज, दोन रात्रीतून. म्हणजे चारही गेल्या. कारखान्यात वीज नाही. म्हणजे मांडवात बर्फ नाही. मग चंपतरावांचं हसणं आलं. आणि ते हसणं सगळ्यात शेवटी आलं तरी सगळ्यात पुढे जाऊन उभं राहिलं.

"नाई गा लहानू," तो म्हणाला. "कारखान्यातूनच नाई आला. पेटी पाय, कोरडी पडली." आणि खोटं नुसतं बोलून थांबला असता तर एक वेळ ठीक, पण तो लहानूला घेऊन चौकापर्यंत गेला, ठेल्याची पेटी उघडली आणि हातानं भुसा उकरून दाखवला. खालपर्यंत कोरडा भुसा. लहानूनं आत वाकून पाहिलंही नाही. म्हणाला, "दाखवता काहून, भाऊ? असता तं तुम्ही देल्लाच असता." आणि सायकलवर टांग टाकून दुसरीकडे बर्फ शोधायला गेला.

रुपराव घरी आला तर सुभद्रा दारातच. तिनं सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली की दोन लाद्या देऊन टाका, दोनात लग्न उरकू. लोकांना पहिला गिलास थंडा भेटला की दुसरा कोणी जोखत नाही. तो तिच्यावर खेकसला. म्हणाला, तुले काही कळत नाई, मयतीले दोन लाद्यांनी काही होत नाई, उगा दोन्हीकडचा नास होईन. सुभद्रा हळदीच्या कामाला लागली. पण त्या दिवशी ती मागच्या खोलीत गेली नाही. हळदीचं तबक तिथं होतं तेही गोपिकेच्या मावशीला आणायला लावलं. तिनं सोडवायचा प्रयत्न केला होता, आणि त्यानं ऐकलं नव्हतं, म्हणून पुढे सारं त्याच्या एकट्याच्या डोक्यावर आलं. वाटून घ्यायला कोणी नव्हतं.

लहानूनं गड्डीगोदामापर्यंत सारं शहर पालथं घातलं. बर्फ मिळाला नाही. दुपार झाली, पारा चढला, वस्तीतल्या बाया दाराशी ओले फडके टांगून बसल्या. पण उन्हापुढे कोणाचं चालतं? संध्याकाळी भीमाबाईला घाटावर नेलं. रुपराव मातीला गेला नाही. घरात हळद लागलेली, मग कसं जायचं, असं कारण तयार होतं, आणि ते लोकांना पटण्यासारखं होतं. मांडवाच्या दारातून त्यानं त्यांना जाताना पाहिलं. दोन्ही हात बांबूला धरून उभा होता, आणि बांबू सोडवेना. हातपाय गोठणं म्हणजे काय, हे बर्फात आयुष्य काढलेल्या माणसाला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

दुसऱ्या दिवशी बारात आली ती दोन ट्रकमधून, घामानं निथळत. रुपरावनं मांडवाच्या तोंडाशी नवा ड्रम ठेवला होता. ड्रममध्ये वाळा टाकलेलं पाणी, आणि त्यात बर्फाचे हे एवढाले तुकडे. स्टीलच्या गिलासात पाणी घालून वर बर्फाचा खडा सोडून तो स्वतः प्रत्येकाच्या हातात देत होता. चंपतरावांनी एक गिलास रिकामा केला, दुसरा केला, आणि मोठ्यानं म्हणाले, "मानलं, इवाई. कामठीपासून तहान लागली होती, सारी उतरली." लोकांनी वाहवा केली. रुपरावचा जीव भांड्यात पडला. आदल्या दिवशीचं सगळं त्या घडीला त्याला लांबचं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. माणसाला सुख झालं की तो असाच असतो.

लग्न लागलं, पंगत बसली, बारातीतले मागे राहिलेले लोक येतच होते. संपामुळे जो तो मिळेल त्या वाहनानं येत होता. अशात रस्त्यानं एक माणूस येताना दिसला. केसांत, भुवयांत, मिशीत लाल धूळ, सदरा अंगाला चिकटलेला, खांद्याला पिशवी, पाय ओढत चालणारा. रुपरावला वाटलं, बारातीच. तो दोन पावलं पुढे गेला आणि गिलास भरून त्याच्या हातात दिला. "या, पावने. घ्या, बर्फाचं हाय. बर्फवाल्याच्या घरचं लग्न हाय."

त्या माणसानं गिलास दोन्ही हातांनी धरला आणि एका दमात प्यायला. बर्फाचा खडा तळाशी वाजला. मग त्यानं सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं, आणि धुळीखालचा चेहरा वर आला. "लय थंडं हाय, भाऊ. जीव आला," तो म्हणाला. "ओळखलं नाई तुम्ही. मी बळीराम. शिवनीपासून कोळशाच्या टरकावर बसून आलो. रस्ताभर एकच म्हनत होतो, रुपरावभाऊ हाय, माय राहीन. ठेवली हाय नं बर्फावर?"

त्याच्या हातातला गिलास अजून रुपरावनं परत घेतला नव्हता. खडा होता तळाशी, उन्हात चमकत. मांडवात कोणीतरी बुंदी वाढा म्हणून ओरडत होतं. रुपरावला तोंड उघडायचं होतं. तिला काल नेलं, एवढे तीन शब्द होते. ते त्याला म्हणता आले असते तर बळीरामची पुढची पन्नास पावलं तरी खोट्या आशेची झाली नसती. पण त्यानं तेही केलं नाही. त्यानं फक्त वस्तीकडे हात केला आणि म्हणाला, "जा. घरी जा." बळीराम गिलास ड्रमच्या कडेवर ठेवून जवळजवळ धावतच गेला.

थोड्या वेळानं वस्तीकडून आवाज आला. मोठ्या माणसाचं रडणं लग्नाच्या वाजंत्र्यातूनही वेगळं ऐकू येतं. रुपराव ड्रमपाशी उभा होता. लोक गिलास पुढे करत होते आणि तो भरत होता. चंपतरावांनी त्याला विचारलंसुद्धा, काहून बुवा, तोंड काहून उतरलं? पोरगी चालली म्हणून, असं त्याच्या वतीनं दुसऱ्याच कोणी सांगितलं, आणि बाया डोळे पुसू लागल्या.

बळीराम भांडायला येईल, असं रुपराव धरून चालला होता. तो आला नाही. राख शिरवायला गेला, लोकांना भेटला, आणि चार दिवसांनी जसा आला तसा गेला. वस्तीतून कोणी दगड मारला नाही, शिवी दिली नाही. फक्त भुसा यायचा थांबला. भीमाबाईच्या जागी दुसरी कोणी येईल म्हणून रुपरावनं वाट पाहिली. कोणी आलं नाही. मग तो स्वतः हातगाडी घेऊन आरा मशीनवर जाऊ लागला. लहानू रस्त्यात भेटला की नमस्कार करायचा, पण थांबायचा नाही. चौकात मात्र कुजबुज झाली. कोणी म्हणालं, त्याच्या जातीचे राह्यते तं देल्ला असता. हे रुपरावच्या कानावर आलं तेव्हा त्याचा संताप झाला. त्यासाठी नव्हतं ते, पोरीच्या लग्नासाठी होतं, असं त्याला ओरडून सांगावंसं वाटलं. पण ठेला बंद करून घरी जाताना त्यानं स्वतःलाच विचारलं: त्या सकाळी लहानूच्या जागी चौकातले मनोहरराव आले असते, आपल्या आईसाठी, तर? ते डॉक्टर, चौकात मान असलेले. त्यांच्यापुढे पेटी उकरून दाखवायची हिंमत झाली असती का? उत्तर यायला वेळ लागला नाही. त्या दिवशी तो ढोलीतला टिनाचा गिलास काढायला गेला, तर गिलास नव्हता. कोणीतरी आधीच नेला होता.

त्यानंतर तो ते वाक्य कधी बोलला नाही. दर उन्हाळ्यात एक लादी मात्र पेटीच्या तळाशी वेगळी ठेवू लागला. कितीही मागणी असो, ती विकायची नाही. कितीदा तरी ती नुसतीच पाणी होऊन गेली. बैल गेला अन् झोपा केला, आणि ते त्यालाही कळत होतं. मयताचा बर्फ घेऊन तो पूर्वीसारखाच जायचा, पण आता घरच्यांनी हात जोडले की त्याला ते बघवत नसे. लाद्या ठेवून तो मागच्या दारानं निघून यायचा. लोक म्हणू लागले, रुपराव म्हातारपणी थंडा झाला. पहिले किती बोलायचा.

मग घराघरांत फ्रीज आले. थंडा आता बाटलीत मिळू लागला, झाकण उघडलं की फस्स करणारा. पेटीतला बर्फ कोण विचारतो? त्र्याऐंशी साली रुपरावनं ठेला काढून टाकला, पेटी सरपणात गेली. गोपिकेचा नवरा मागाच्या कामासाठी सुरतला गेला होता, तीही तिकडेच. घरात दोघंच राहिली, रुपराव आणि सुभद्रा.

सुभद्रा गेली ती मे महिन्यातच. सकाळी अंगणात सडा टाकताना खाली बसली आणि उठली नाही. शेजाऱ्यांनी सुरतला फोन लावला. गोपिका गाडीत बसते, उद्या पोचते, असा निरोप आला. शेजारची पार्वतीबाई म्हणाली, बर्फ आणाले पाठवा कोनाले. लग्नसराई होती, बर्फ मिळायला ओढाताण होती, पण शोधला तर मिळाला असता. रुपराव भिंतीला टेकून बसला होता. तो म्हणाला, "बर्फ नाई आनायचा. संध्याकाळी नेऊ." लोकांना वाटलं, दुःखानं डोकं फिरलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरी लाद्या वाहिल्या आणि स्वतःच्या बायकोला नाही म्हणतो? पार्वतीबाई पोरीसाठी तरी ठेवा म्हणून रडून बोलली. त्यानं मान हलवली. पोरीला आईचं तोंड दिसणार नाही हे त्याला दिसत होतं, त्यानं आतडं तुटत होतं, आणि तरी त्याला वाटत होतं की भीमाबाईचं एवढं तरी आपण भरलं पाहिजे. भरायचं त्याला होतं आणि भरणार होती गोपिका, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. शरमेनं माणूस आंधळा होतो तो असा.

ऊन तापायच्या आत दारात सायकलरिक्षा थांबली. रिक्षा ओढणारा लहानू, आता केस पिकलेला. रिक्षात गोणपाटात गुंडाळलेल्या लाद्या, गोणपाटातून पाणी ठिबकणारं. आणि लाद्यांना हात लावून धरून चालत आलेला बळीराम. त्याची दोन वर्षांपूर्वी नागपूरच्या फॅक्टरीत बदली झाली होती आणि तो वस्तीतल्या घरात परत राहायला आला होता, हे रुपरावला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच तो त्या रस्त्यानं जात नसे.

बळीरामनं दाराबाहेर चपला काढल्या. आत आला, सुभद्रेच्या पायाशी वाकला, आणि लोकांना म्हणाला की जरा बाजूला व्हा. रुपराव भिंतीला धरून उठला. त्याचे ओठ हलले. "बळीराम, त्या दिवशी माह्या घरी..."

"माहीत हाय मले," बळीराम म्हणाला. "गिलासात होता बर्फ."

ज्यांना माहीत होतं ते खाली पाहू लागले, आणि नव्हतं त्यांनी विचारलं नाही. बळीरामनं एक लादी उचलून जमिनीवर ठेवली, दुसरी तिला भिडवली आणि वर गोणपाट पसरलं. हे सगळं त्यानं रुपराव करायचा तसंच केलं. कुठं पाहिलं होतं कोण जाणे. मग रुपरावकडे वळून म्हणाला, "तिकडून धरा, भाऊ. पोरगी निंगाली हाय."

रुपराव जागचा हलला नाही. त्यानं एकच विचारलं, आणि ते विचारताना त्याला रडू आवरलं नाही. "काहून आनला गा तू?"

बळीरामनं ओले हात सदऱ्याला पुसले. "माय सांगत जाय," तो म्हणाला. "मयताचा बर्फ दुकानदाराचा नसते. तो आधीपासून त्याचाच राह्यते, आपल्या भुशात ठेवला राह्यते एवढंच. तुम्हीच सांगून राह्यले होते म्हने तिले. मंग काकूचा बर्फ मी कसा ठेवून घेऊ?"

रुपरावनं तोंडावर पंचा धरला. ते वाक्य त्यानं बारा वर्षांत उच्चारलं नव्हतं. त्याला वाटत होतं, त्या दिवशी मांडवात ते मेलं. ते तर पलीकडच्या वस्तीत, जिला त्यानं वेगळा गिलास ठेवला होता तिच्या घरात, एवढी वर्षं जपून ठेवलेलं होतं. बळीरामनं चार लोकांत त्याला शिव्या घातल्या असत्या तर तो मान वर करून ऐकू शकला असता. आता त्याची मान वर झाली नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. त्यानं पंचा खांद्यावर टाकला, दुसऱ्या बाजूला जाऊन बसला आणि सुभद्रेच्या खांद्याखाली हात घातला.

गोपिका दुसऱ्या दिवशी सकाळी पोचली. आईचा चेहरा होता तसा होता, कपाळावर थोडं दव आल्यासारखं. तिनं आईच्या गालाला गाल लावला आणि बराच वेळ काढला नाही. नेऊन आल्यावर उरलेला बर्फ बळीराम आणि लहानूनं अंगणातल्या झाडाखाली फोडून टाकला. निघताना बळीरामनं पाणी मागितलं. रुपराव उठला, माठातून आपल्या रोजच्या गिलासात पाणी काढलं आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरलं. बळीराम उभ्या उभ्याच प्यायला आणि गिलास परत देऊन लहानूच्या रिक्षात बसला.